अर्कहॅम हॉरर: फेरीच्या शेवटी अ‍ॅक्ट आधी की अजेंडा आधी?

आत्याबाई

नमस्कार मंडळी. नियमांची चांगली जाण असलेल्यांची मदत हवी आहे. टेबल अजून मांडलेलंच आहे, वर सुती चादर टाकून ठेवलीय. उत्तर मिळेपर्यंत एकही कार्ड हलवायचं नाही असं मी आणि भाच्याने ठरवलंय.

खेळ: अर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम, मूळ संच, पहिला प्रसंग 'द गॅदरिंग'. आम्ही दोघंच. माझं पात्र रोलंड बँक्स, भाच्याचं (तो अकरावीत आहे) अ‍ॅग्नेस बेकर. लीड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे आमच्यातली म्होरकी, मी.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी: यात सगळे खेळाडू एकाच बाजूला असतात, समोर कुणी माणूस नसतो. अजेंडा म्हणजे आपल्या विरोधात चालणारं घड्याळ. पहिली फेरी सोडली तर दर फेरीच्या सुरुवातीला, मिथॉस टप्प्यात, त्यावर एक डूम चढतो. ठरलेला आकडा गाठला की अजेंडा उलटतो आणि काहीतरी वाईट घडतं. अ‍ॅक्ट म्हणजे आपली प्रगती. क्लू गोळा करून ते खर्च केले की अ‍ॅक्ट पुढे सरकतो.

आमची परिस्थिती अशी होती. अजेंडा तिसरा, म्हणजे शेवटचा. मर्यादा १०, त्यावर डूम ६. अ‍ॅक्ट दुसरा, 'द बॅरियर', दोघांचे मिळून ६ क्लू लागतात आणि ते आमच्याकडे होते. दोघंही हॉलवेत उभे.

आता दोन कार्डांवरचा मजकूर, माझ्या शब्दांत. अ‍ॅक्ट म्हणतो: फेरी संपल्यावर हॉलवेतले इन्व्हेस्टिगेटर मिळून क्लू खर्च करू शकतात आणि अ‍ॅक्ट पुढे नेऊ शकतात. अजेंडा म्हणतो: फेरीच्या शेवटी हॉलवे किंवा पार्लरमध्ये जितके घूल (पिशाच्चासारखे शत्रू) असतील तितके डूम अजेंड्यावर ठेवा.

शत्रूंच्या टप्प्याच्या शेवटी अजेंड्याच्याच दुसऱ्या नियमाने अ‍ॅटिकमधला घूल मिनियन खाली हॉलवेत आला. आम्ही क्लू खर्च केले, अ‍ॅक्ट उलटला, घूल प्रीस्ट हॉलवेत अवतरला. माझ्या हिशेबाने मिनियनचा एक डूम, झाले ७. भाचा म्हणाला, "आत्या, प्रीस्टही घूलच आहे ना. दोन चढणार. ८."

पुढच्या फेरीच्या सुरुवातीचा एक डूम. माझे ८, त्याचे ९. मग मी कार्ड ओढलं ते एन्शंट ईव्हिल्स, आणखी एक डूम. माझ्या हिशेबाने ९, खेळ चालू. त्याच्या हिशेबाने १०, आणि एन्शंट ईव्हिल्समुळे अजेंडा तिथल्या तिथे उलटू शकतो, म्हणजे आम्ही हरलो.

मी म्हटलं, प्रीस्ट फेरी संपल्यानंतर आलाय, त्याला त्याच फेरीच्या हिशेबात कसं धरणार? तो म्हणाला, मला समजावून सांगता येत नाही, पण धरायला हवं. तीन तास खेळून तो स्वतःच्या विरोधात बोलत होता, म्हणून मला त्याचं म्हणणं बाजूला सारवेना. कोण बरोबर?

कोकमसरबत

आत्याबाई, माझ्या मते तुम्ही. दोन परिणाम एकाच वेळी घडणार असतील तर क्रम लीड इन्व्हेस्टिगेटर ठरवतो, हे नियमपुस्तिकेत स्पष्ट आहे. दोन्ही गोष्टी फेरीच्या शेवटाला बांधलेल्या आहेत आणि लीड तुम्हीच. तुम्ही म्हणायचं, आधी अजेंडा. तेव्हा हॉलवेत फक्त मिनियन. एक डूम. मग अ‍ॅक्ट, मग प्रीस्ट. खेळ चालू ठेवा.

सह्यवेडा

असहमत. या खेळात ग्रिम रूल आहे. शंका आली की त्या क्षणी आपल्यासाठी जे सगळ्यात वाईट तेच घडतं असं धरायचं. दोन डूम. भाचा बरोबर.

दुर्बीण

सह्यवेडा, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण त्याला दिलेलं कारण पटत नाही. ग्रिम रूल हा शेवटचा उपाय आहे, पुस्तिका चाळूनही उत्तर सापडलं नाही तर खेळ अडून राहू नये म्हणून. इथे उत्तर छापलेलं आहे. पहिल्याच शंकेला ग्रिम रूल लावायची सवय लागली की माणूस पुस्तिका उघडतच नाही, आणि मग कितीतरी ठिकाणी स्वतःवर विनाकारण अन्याय करून घेतो.

कोकमसरबत, लीडचा नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो खरोखर एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींसाठी. या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत.

आत्याबाई, दोन्ही कार्डं समोर ठेवा आणि इंग्रजी शब्द वाचा. अ‍ॅक्टवर आहे 'व्हेन द राउंड एंड्स'. अजेंड्यावर आहे 'अ‍ॅट द एंड ऑफ द राउंड'. तुम्ही दोन्हींचा अर्थ एकच घेतलात. बोलताना आपण सगळेच घेतो. पण या खेळात व्हेन, अ‍ॅट आणि आफ्टर हे तीन वेगळे क्षण आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे.

व्हेन म्हणजे घटना सुरू झाली आहे, पण तिचा परिणाम अजून उमटलेला नाही. पंगतीचं उदाहरण घ्या. पान वाढून झालंय, सगळे बसलेत, घास अजून तोंडात गेलेला नाही, तेव्हा श्लोक म्हणतात. तो व्हेनचा क्षण. आफ्टर म्हणजे जेवण आटोपून हात धुतल्यावर. अ‍ॅट आणि इफ यांनी सुरू होणारे परिणाम या दोघांच्या मध्ये येतात. त्याच घटनेचे सगळे व्हेन झाले की अ‍ॅट, आणि अ‍ॅट झाले की आफ्टर. नियमांत हे लिहिलेलंच आहे, आणि तिथे दिलेल्या उदाहरणांत 'फेरीच्या शेवटी' हेही आहे.

म्हणजे तुमच्या टेबलावर असं झालं: फेरी संपायला लागली. व्हेनवाला अ‍ॅक्ट आधी. तुम्ही क्लू खर्च केले, अ‍ॅक्ट उलटला, त्याच्या मागचा सगळा मजकूर पूर्ण झाला, प्रीस्ट हॉलवेत आला. त्यानंतर अ‍ॅटवाला अजेंडा हॉलवेत डोकावला. त्याला दोन घूल दिसले, एक मिनियन आणि एक प्रीस्ट. दोघांपैकी कुणी तुमच्याशी भिडलेला असो वा नसो, तो हॉलवेत आहे एवढं पुरेसं. दोन डूम, एकूण ८. लीडला इथे निवड करायला जागाच नाही.

भाच्याला सांगा, त्याचा कान बरोबर होता.

आत्याबाई

दुर्बीण, मनापासून आभार. कार्डं काढून पाहिली. एकावर व्हेन, एकावर अ‍ॅट. तीन तास ती दोन्ही कार्डं माझ्या कोपरापाशी होती आणि हा फरक मला दिसला नाही.

भाच्याला फोन केला. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे हरलो." मी म्हटलं, हो.

एक शंका उरली. फेरीच्या शेवटी समजा आमचे थेट १० डूम झाले असते, तर अजेंडा तेव्हाच उलटला असता का?

दुर्बीण

नाही. डूमची मोजणी एरवी एकाच जागी होते. मिथॉस टप्प्यात आधी नवा डूम ठेवायचा आणि मग लगेच तपासायचं. मधल्या वेळात आकडा कितीही चढला तरी अजेंडा शांत बसतो. अपवाद फक्त त्या कार्डांचा, ज्यांच्यावर 'या परिणामामुळे अजेंडा पुढे सरकू शकतो' असं स्पष्ट छापलेलं असतं. एन्शंट ईव्हिल्स त्यातलंच. मिथॉसमध्ये कार्डं ओढायची ती तपासणी होऊन गेल्यावर, त्यामुळे एन्शंट ईव्हिल्सवर ती ओळ नसती तर तुमचे १० डूम आणखी एक आख्खी फेरी तसेच पडून राहिले असते.

तपासताना फक्त अजेंड्यावरचे नाही, खेळात जिथे जिथे डूम आहेत ते सगळे मोजायचे. दुसऱ्या प्रसंगात अकोलाइट भेटतील. ते खेळात येताच स्वतःवर एक डूम ठेवतात, आणि तेही नेमके रिकाम्या जागी जाऊन बसतात. त्यांना मिथॉसच्या आधी मारलं तर त्यांचा डूम त्यांच्याबरोबर जातो. अजेंडा उलटायच्या आधीच्या फेरीत सगळी धावपळ यासाठीच करायची असते.

पिंपळपान

मला वाटतं आत्याबाईंची चूक डोळ्यांची नाही, भाषेची आहे. मी यावर बरेच दिवस विचार करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी हा खेळ आईबरोबर खेळतो. तिला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी कार्ड वाचून मराठीत सांगतो. सुरुवातीला व्हेन आला की मी बिनधास्त 'ल्यावर' म्हणायचो. शत्रूने हल्ला केल्यावर. फेरी संपल्यावर. टोकन काढल्यावर. आपल्या तोंडात तेच बसलेलं आहे. शाळेत व्हेन म्हणजे जेव्हा असं शिकलो, आणि बोलताना जेव्हा-तेव्हा कुणी म्हणत नाही, सरळ 'ल्यावर' म्हणतो. पण 'ल्यावर' म्हटलं की काम उरकलेलं असतं. तो आफ्टर झाला!

आत्याबाईंच्या पहिल्या प्रतिसादात पाहा. अ‍ॅक्टचा मजकूर सांगताना त्यांनीही 'फेरी संपल्यावर' असंच लिहिलंय. त्या एका 'ल्यावर'मुळे प्रीस्ट त्यांच्या डोक्यात फेरीच्या पलीकडे गेला. पुढचा सगळा तर्क त्या शब्दाला धरून अगदी सरळ होता.

आमच्या घरी डॉजमुळे डोळे उघडले. डॉज म्हणजे शत्रू हल्ला करतो तेव्हा खेळायचं आणि तो हल्ला रद्द करायचं कार्ड. मी आईला सांगितलं, हल्ला केल्यावर हे खेळायचं. ती म्हणाली, "हल्ला केल्यावर रद्द काय करायचं? लागलं ते लागलं." ती अगदी बरोबर बोलत होती, माझंच वाक्य चुकीचं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे हे तीन प्रत्यय पक्के आहेत. व्हेनसाठी 'ताना': हल्ला करताना, फेरी संपताना. अ‍ॅटसाठी 'शेवटी' किंवा 'सुरुवातीला': फेरीच्या शेवटी. आफ्टरसाठी 'ल्यावर': शत्रू मेल्यावर. आणि चौथा एक, जिथे कार्डावर व्हेनच्या पुढे वूड असतं तिथे 'णार असताना'. लकी हे कार्ड तुम्ही कसोटीत नापास होणार असताना खेळायचं. नापास झाल्यावर नाही, त्याच्या आधी. त्याचे दोन गुण मिळून तुम्ही पास होऊ शकता.

संपताना, शेवटी, संपल्यावर. मराठीत एकापाठोपाठ म्हणून पाहा, क्रम आपोआप कानाला कळतो. आईला आता मला विचारावं लागत नाही.

निवांत

पिंपळपान, फार उपयोगी. आजपासून आमच्याकडेही ताना आणि ल्यावर.

मी मार्व्हल चॅम्पियन्स जास्त खेळते. तोही त्याच प्रकाशकाचा सहकारी खेळ, २०१९ चा. त्यात हा गोंधळ कमी होतो, कारण परिणामाच्या आधी ठळक अक्षरांत इंटरप्ट किंवा रिस्पॉन्स असं छापलेलं असतं. इंटरप्ट म्हणजे घटनेच्या आधी, रिस्पॉन्स म्हणजे नंतर. सक्तीचे असतील तर त्यांच्यापुढे फोर्स्ड, आणि फोर्स्ड आपल्या ऐच्छिक परिणामांच्या आधी. वाक्यातला व्हेन नजरेतून सुटला तरी ठळक शब्द सुटत नाही. अर्कहॅम २०१६ चा, तिथे ऐच्छिक प्रतिक्रियेला फक्त बाणाचं चिन्ह असतं आणि आधी की नंतर ते वाक्यातून शोधावं लागतं.

अर्कहॅममध्येही फोर्स्ड आधी हाच नियम आहे ना?

दुर्बीण

हो, पण त्याच क्षणापुरता. एखाद्या घटनेच्या व्हेनमध्ये आधी फोर्स्ड व्हेन, मग आपले व्हेन. आफ्टरमध्ये आधी फोर्स्ड आफ्टर, मग आपले आफ्टर. फोर्स्ड आहे म्हणून अ‍ॅटवाला परिणाम उडी मारून व्हेनच्या पुढे जात नाही. आत्याबाईंच्या अजेंड्यावरही फोर्स्ड लिहिलंय आणि अ‍ॅक्ट ऐच्छिक आहे, तरी अ‍ॅक्टच आधी.

कोकमसरबत

माझी चूक मान्य. लीडचा नियम मी फार सैल वापरत होतो, आता मागचे किती खेळ चुकीचे खेळलो याची मोजदाद नको वाटते.

धागा चालूच आहे तर गार्ड डॉगबद्दल विचारतो. माझ्याशी घूल मिनियन भिडलेला. हातात गार्ड डॉग. मी कृती खर्चून तो खेळतो. शत्रू भिडलेला असताना लढाई, सुटका, बोलणी किंवा खेळ सोडून निघणं यांशिवाय दुसरी कृती केली की तो आयता हल्ला करतो, हे माहीत आहे. मी तो हल्ला कुत्र्यावर घेतो, कुत्रा चावतो, मिनियनला घाव. आम्ही नेहमी असंच करतो. बरोबर?

दुर्बीण

नाही, कुत्रा तेव्हा अजून दारातच आहे.

आयता हल्ला नेमका कधी येतो ते पाहा: कृतीचा सगळा खर्च भरून झाल्यावर, पण कृतीचा परिणाम घडायच्या आधी. म्हणजे तुमची एक कृती गेली, तीन रिसोर्स गेले, आणि कार्ड अजून टेबलावर उतरलेलं नाही. या फटीत मिनियन हल्ला करतो. तो घाव घ्यायला समोर फक्त तुम्ही, किंवा आधीपासून खेळात असलेलं एखादं कार्ड. हल्ला संपला की कुत्रा येतो. शस्त्राचंही तेच. भिडलेला असताना पिस्तूल काढायचं तर एक घाव सोसूनच.

कुत्रा आधीपासून टेबलावर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि फार सुंदर. समजा तुम्ही रोलंड. मिनियनला दोन जीव, एक घाव आधीच बसलेला. तुम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष करून खोलीत शोध घ्यायची कृती करता. कृती गेली, आयता हल्ला आला. एक घाव कुत्र्यावर, एक भीती स्वतःवर. गार्ड डॉगचा मजकूर व्हेनचा आहे, हल्ल्याचा घाव कुत्र्याला बसताना. कुत्रा चावतो, मिनियनला दुसरा घाव, मिनियन मेला. इथे हल्ल्याचं काम अर्ध्यात थांबलंय आणि त्याच्या पोटात नवीन घटना सुरू झालीय: शत्रू हरला. तिचा स्वतःचा व्हेन, स्वतःचा आफ्टर. रोलंडची क्षमता आफ्टरची आहे, तुम्ही शत्रू हरवल्यावर जागेवरचा एक क्लू घ्या. कुत्रा तुमचा, म्हणून शत्रू तुम्हीच हरवलात. क्लू घेतला. हातात एव्हिडन्स हे कार्ड असेल तर तेही याच क्षणी, एक रिसोर्स देऊन आणखी एक क्लू. ती घटना पूर्ण मिटली की थांबलेल्या हल्ल्याकडे परत, तो मिटला की मूळ शोधाच्या कृतीकडे परत. ती अजून तुमची वाट पाहत उभी आहे. आता शोधाच्या कसोटीचं टोकन काढा.

कसोटी जमली तर एका कृतीत तीन क्लू. पोटातली घटना पूर्ण मिटल्याशिवाय बाहेरच्या घटनेला हात लावायचा नाही, एवढं एक पाळलं की असली साखळी कितीही लांब असली तरी गोंधळ होत नाही. मी सुरुवातीला थांबलेल्या कार्डावर एक फुटाणा ठेवायचो. जिथे फुटाणा, तिथे परत यायचं.

कोकमसरबत

फुटाण्याची युक्ती उचलली. कुत्र्याला आजवर जे फुकट घाव खायला लावले त्याचं वाईट वाटतंय. धन्यवाद.

लंगडी_पळती

मी उशिरा आले, पण आत्याबाई, तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या एका गोष्टीवर कुणी बोललेलंच नाही. रोलंडकडे त्या वेळी कोणता साथीदार होता? आणि अ‍ॅटिकमधून आलेल्या मिनियनला आधी किती घाव बसले होते?

आत्याबाई

बीट कॉप होता. मिनियनला एक घाव बसला होता. अ‍ॅटिकमध्ये अ‍ॅग्नेसने त्याला जखमी केलं, मग चकवून खाली आली. का विचारताय?

लंगडी_पळती

कारण मग तो डूम टाळता येत होता.

मिनियन हॉलवेत आला शत्रूंच्या टप्प्याच्या शेवटी. त्याचे हल्ले करायची वेळ निघून गेली होती, तो नुसता येऊन उभा राहिला. फेरी तिथे संपत नाही. मध्ये अपकीप टप्पा आहे, आणि तो सुरू झाल्याबरोबर, खेळाडूंच्या कृती पुन्हा मोकळ्या करायच्याही आधी, खेळाडूंसाठी एक खिडकी असते. त्या खिडकीत कृती खर्च न होणाऱ्या, विजेचं चिन्ह असलेल्या क्षमता वापरता येतात. बीट कॉपची क्षमता तशीच: त्याला टाकून द्या, तुमच्या जागेवरच्या शत्रूला एक घाव. मिनियन संपला असता. हॉलवेत क्लू नसतात, त्यामुळे रोलंडला त्यातून काही मिळालं नसतं, पण फेरीच्या शेवटी हॉलवेत एकटा प्रीस्ट उरला असता.

६ अधिक १, ७. मिथॉसचा एक, ८. एन्शंट ईव्हिल्स, ९. एक फेरी हातात.

सह्यवेडा

वा! पण त्या एका फेरीत होणार काय होतं? दोघांच्या खेळात प्रीस्टला दहा जीव.

लंगडी_पळती

कठीण होतं, अशक्य नव्हतं. प्रीस्ट शत्रूंचा टप्पा संपल्यावर आला, म्हणून पुढच्या शत्रूंच्या टप्प्यापर्यंत त्याचा हल्ला नाही, आपण आयता दिला नाही तर. फक्त आपला हल्ला चुकला की तो उलटा मारतो. रोलंडच्या तीन कृती पिस्तुलाने, प्रत्येकी दोन घाव. अ‍ॅग्नेसच्या तीन कृती श्रिव्हलिंग या मंत्राने, प्रत्येकी दोन घाव. सहापैकी पाच लागायला हवेत. श्रिव्हलिंग करताना वाईट चिन्ह निघालं तर अ‍ॅग्नेसला एक भीती, आणि भीती बसल्यावर तिची स्वतःची क्षमता आणखी एक घाव घालते, टप्प्यातून एकदा. तेही जमणार नाही असं दिसलं तर पार्लर उघडलेला होता आणि तिथून खेळ सोडून निघता येतं. हरण्यापेक्षा निसटणं बरं.

आत्याबाई, तुमच्याकडे पिस्तूल आणि भाच्याकडे श्रिव्हलिंग होतं का?

आत्याबाई

दोन्ही होतं. भाच्याच्या हातात वॉर्ड ऑफ प्रोटेक्शनही होतं, ओढलेलं वाईट कार्ड रद्द करणारं.

दुर्बीण

वॉर्ड एन्शंट ईव्हिल्सला चाललं असतं, पण ते कार्ड त्याने स्वतः ओढलं असतं तरच. मूळ संचातलं वॉर्ड फक्त ज्याने ओढलं त्याच्यासाठी आहे. मिथॉसमध्ये आधी लीड ओढतो, म्हणून वरचं कार्ड तुमच्याकडे आलं. लीड अ‍ॅग्नेस असती तर एन्शंट ईव्हिल्स तिच्या हाती पडलं असतं, वॉर्डने रद्द झालं असतं, वॉर्डमुळे तिला एक भीती बसली असती आणि त्या भीतीतून प्रीस्टला एक घाव. लीड कोण हे सुरुवातीला आपण सहज ठरवून टाकतो.

निवांत

मग मागे जा ना आत्याबाई! टेबल तसंच आहे. समोर बसलेल्या कुणाला फसवलं जातंय असं नाही. अपकीपच्या खिडकीपर्यंत मागे जा, बीट कॉप वापरा, पुढे खेळा. सहकारी खेळात हे आपलं आपण ठरवायचं असतं.

सह्यवेडा

मी नाही जाणार. नियम चुकला असेल तर जरूर मागे जावं, तो खेळच चुकीचा झालेला असतो. पण बीट कॉपची खिडकी हा नियमाचा घोळ नाही, ती न सुचलेली खेळी आहे. मेंढीकोटात भागीदार समोर असला तरी पडलेलं पान उचलत नाहीत. शिवाय एन्शंट ईव्हिल्स वर आहे हे आता माहीत आहे. ते माहीत असताना मागे जाणं म्हणजे उत्तरपत्रिका पाहून पेपर लिहिणं.

पिंपळपान

मला दोन्ही पटतं. आईबरोबर मी मागे गेलो असतो, कारण तिला खेळ शिकायचाय आणि ती खिडकी एकदा वापरून पाहिली की कायमची लक्षात राहील. मुरलेल्या मित्रांबरोबर नसतो गेलो. समोर कोण आहे त्यावर आहे.

आत्याबाई

रविवारी भाचा आला. हा धागा त्याला पहिल्यापासून वाचून दाखवला. लंगडी_पळतींच्या प्रतिसादाशी आल्यावर त्याने चादर काढली, बीट कॉप उचलून हातात धरला आणि बराच वेळ बघत बसला. मी त्याला म्हटलं, तू सांग. मागे जायचं तर जाऊ, माझी हरकत नाही.

तो म्हणाला, "नको आत्या. तू म्हणत होतीस ७ आणि मी म्हणत होतो ८. ८ खरे होते. आता परत ७ कशाला करायचे?"

पराभव नोंदवहीत लिहिला, त्याच्याच अक्षरात. मग एका कागदावर ताना, शेवटी, ल्यावर असं मोठ्या अक्षरात लिहून तो अजेंड्याच्या गठ्ठ्याशेजारी चिकटवला. स्वयंपाकघरातून मूठभर फुटाणेही आणले. प्रसंग पुन्हा पहिल्यापासून मांडलाय. या वेळी लीड अ‍ॅग्नेस.

आत्ता दुसरी फेरी चालू आहे. मिथॉसमध्ये त्याने पहिलं कार्ड ओढलं आणि ते उलटं करायच्या आधी मला विचारलं, "ओढताना की ओढल्यावर?" मी म्हटलं, ओढताना. वॉर्ड हातात होतं. तो हसला आणि कार्ड उलटं केलं.